घालून न पाहता रनिंग शूज मागवताय? या चुका टाळा

तिसरा जोड मागवताना मी साइजचा तक्ता उघडलासुद्धा नाही. तेच मॉडेल, तोच नंबर, आधीचे दोन जोड झिजवून झालेले. फक्त मॉडेलच्या नावापुढचा आकडा एकाने वाढला होता. बूट आले, घरात दोन पावलं टाकली, ठीक वाटले. रविवारी चौदा किलोमीटर धावून आलो आणि मोजा काढला, तर अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख जांभळं पडलेलं. आठवड्याभरात ते काळं झालं आणि दोनेक महिन्यांनी गळून पडलं. नव्या आवृत्तीत चवड्यापुढचा भाग जरासा निमुळता केला होता, घडलं एवढंच.

चप्पल चावली तर ती हातात घेऊन घरी येता येतं. घरापासून सात किलोमीटरवर बूट चावायला लागला की तेच सात किलोमीटर तो घालूनच परतावं लागतं. म्हणून दुकानात पाय घालून पाहण्याची सोय नसेल, तेव्हा ते काम घरी, दोन टप्प्यांत करायचं: मागवण्याआधी कागदावर आणि आल्यावर फरशीवर. बहुतेक जण पहिला टप्पा गाळतात आणि दुसरा उरकतात.

"माझा नंबर आठ आहे"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कुठल्या कंपनीचा आठ? आदिदासच्या तक्त्यात पुरुषांच्या यूके ८ समोर २६.५ सेंटीमीटर लिहिलेलं असतं, नाइकीच्या आणि आसिक्सच्या तक्त्यात २७. नंबर एकच, पण अर्ध्या सेंटीमीटरचा फरक. यूएस नंबर तर आणखी गोंधळात टाकतो. नाइकीत यूएस ९ म्हणजे यूके ८, आदिदासमध्ये यूएस ९ म्हणजे यूके ८.५. "यूएसमधून एक वजा केला की यूके" हे पाठ केलेलं गणित एका कंपनीत जमतं, दुसरीत अर्ध्या नंबराने चुकतं. बायकांच्या यूएस नंबरांना तर ते लागूच पडत नाही.

यामागे कुणाची लबाडी नाही. यूके पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण ८.५ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे सेंटीमीटरचे दोन तृतीयांश, म्हणजे ६.७ मिलिमीटर. दोन पट्ट्यांवरच्या रेघाच जुळत नाहीत, म्हणून काही डब्यांवर ४२ २/३ असा विचित्र आकडा दिसतो. भाषांतर करताना प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने पुढेमागे सरकते. तेव्हा नंबर विसरा आणि सेंटीमीटर बघा.

तिथेही एक खाच आहे. तक्त्यातलं सेंटीमीटर पायाच्या लांबीचं आहे की इनसोलच्या, म्हणजे बुटातल्या सुट्या गादीच्या, ते वाचून घ्या. पायाच्या लांबीचं असेल तर बोटांपुढची थोडी मोकळी जागा कंपनीने आधीच धरलेली असते. मग आपलं माप त्या आकड्याच्या अगदी काठावर असेल, तरच अर्धा नंबर पुढे जायचं. इनसोलची लांबी दिली असेल तर पायाच्या मापात एक ते दीड सेंटीमीटर स्वतः मिळवायचं. हे न पाहता लोक दोनदा जागा सोडतात आणि मग "बूट होडीसारखा झालाय" म्हणतात.

भिंत, कागद आणि दुसऱ्याचा हात

माप संध्याकाळी घ्या, शक्यतो धावून किंवा बराच वेळ चालून आल्यावर. दिवसभरात पाय फुगतो, धावताना आणखी फुगतो. सकाळी अंथरुणातून उठून घेतलेलं माप त्या फुगलेल्या पायाचं नसतं. धावताना घालता तेच मोजे घाला. कागद भिंतीला चिकटवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन ताठ उभे राहा. खुणा दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. स्वतः वाकून केल्या तर वजन सरकतं आणि तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात. तीन-चार मिलिमीटर म्हणजे जवळपास अर्धा नंबर. पेन्सिल सरळ उभी धरायची, पायाखाली तिरकी घुसवायची नाही.

मोजायचं ते सगळ्यात लांब बोटापर्यंत. सगळ्यांचा अंगठाच लांब असतो असं नाही, माझं दुसरं बोट त्याच्या पुढे आहे आणि शिक्षाही त्यालाच झाली. दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, बूट त्याच्या मापाने घ्यायचा. मग चवड्याची रुंदी: अंगठ्याच्या बुडाचं हाड आणि करंगळीच्या बुडाचं हाड यांच्यामधलं अंतर.

जमलंच तर आणखी एक माप घ्या, टाचेपासून अंगठ्याच्या बुडाच्या हाडापर्यंतचं. चार्ल्स ब्रॅनॉकने १९२०च्या दशकात पाय मोजायचं जे धातूचं साधन बनवलं, त्यात हे माप वेगळं घ्यायची सोय आहे, ती उगाच नाही. बूट वाकतो तो बोटांच्या टोकाशी नाही, चवड्याशी. दोघांच्या पायाची लांबी २६ सेंटीमीटर असली, तरी एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड असू शकतात. आखूड बोटांवाल्याचा चवडा पुढे असतो, आणि नुसत्या लांबीवर घेतलेला बूट त्याला भलत्याच जागी वाकतो.

रुंदीची कसर लांबीत भरून काढणं

करंगळी घासते, म्हणून अर्धा नंबर मोठा घ्यायचा. तोही चावला, तर आणखी अर्धा. हे मी इतक्या जणांना करताना पाहिलंय की ती चूक आहे हेच त्यांना पटत नाही. लांबी वाढवली की रुंदी फार थोडी वाढते. बूट वाकण्याची जागा मात्र पुढे सरकते आणि टाच आत वरखाली व्हायला लागते. करंगळीचा फोड टाचेवर जातो, एवढंच.

रुंदीला वेगळी अक्षरं असतात. पुरुषांच्या बुटात डी म्हणजे नेहमीची रुंदी, २ई म्हणजे रुंद, ४ई म्हणजे जास्त रुंद. बायकांच्या बुटात बी नेहमीची आणि डी रुंद. एकाच अक्षराचा अर्थ बदलतो, तेव्हा विभाग कुठला ते बघून घ्या. आपल्याला हवं ते मॉडेल रुंद मापात मिळत नसेल, तर मॉडेल बदला. रंग आवडला म्हणून पाय अरुंद होत नाही.

इतरांचे अभिप्राय वाचताना "साइज एकदम बरोबर" या वाक्याला किंमत देऊ नका, ते त्यांच्या पायाबद्दल आहे. आपल्याकडे असलेल्या एखाद्या बुटाशी तुलना करणारा अभिप्राय शोधा. आणि एकाच जागेची तक्रार चार-पाच वेगवेगळ्या लोकांनी केली असेल, तर ती खरी धरा.

ओल्या पायाचा ठसा

फरशीवर ओला पाय उमटवायचा, कमान किती ते बघायचं आणि त्यावरून "सपोर्ट"चा, म्हणजे कमानीला आधार देणारा बूट की साधा ते ठरवायचं. ही युक्ती अजून सगळीकडे सांगितली जाते. अमेरिकी सैन्यात नव्याने भरती झालेल्यांना तळव्याच्या आकारानुसार बूट देऊन दुखापती कमी होतात का, हे तपासून झालं आहे. फारसा फरक पडला नाही. ठसा उभ्या पायाचा असतो, धावणाऱ्या पायाचा नाही. आजवर ज्या प्रकारच्या बुटात विनातक्रार धावलात, त्याच प्रकारचा घ्या. घातल्यावर आरामशीर वाटणं हा ठशापेक्षा बरा निकष आहे.

त्यापेक्षा ड्रॉपकडे लक्ष द्या. ड्रॉप म्हणजे टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या जाडीतला फरक. तो शून्यापासून बारा मिलिमीटरपर्यंत काहीही असू शकतो. दहा-बारावरून एकदम शून्य किंवा चारवर उतरलात, तर पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते. गंमत अशी, की हे दुकानात घालून पाहूनही कळलं नसतं. पहिल्या दिवशी मजा वाटते, दुसऱ्या आठवड्यात सकाळी जिना उतरताना पोटरी सांगते. तेव्हा जुन्या बुटाचा ड्रॉप शोधून त्याच्या आसपास राहा.

सवलतीतला मागच्या आवृत्तीचा जोड घ्यायला हरकत नाही, मी हल्ली मुद्दाम तोच शोधतो. फक्त वर्षानुवर्षं पडून राहिलेला नको, फोम आणि गोंद दोन्ही जुने होतात. बऱ्याच बुटांत जिभेच्या आतल्या लेबलवर बनवल्याची तारीख असते, डबा उघडल्यावर ती बघा.

सोलला धूळ लागण्याआधी

डबा आला की घाई होते. थांबा. मागवण्याआधी बूट परत करायच्या अटी वाचल्या नसतील तर आता तरी वाचा, आणि लेबलं, कागद, डबा यातलं काहीही फाडू नका. बूट पुन्हा संध्याकाळीच घाला, धावायच्या मोज्यांवर, दोन्ही पायांत, लेस पूर्ण बांधून. एकाच पायात घालून आरशासमोर उभं राहणं ही चाचणी नव्हे.

त्याआधी इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळीचं मांस कडेबाहेर ओघळत असेल, तर बूट अरुंद आहे. मग वरचं कापड कितीही मऊ लागो. लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा दिसली पाहिजे.

आता घरातल्या स्वच्छ फरशीवर पंधरा-वीस मिनिटं वावरा. जागच्या जागी धावा, जिना असेल तर उतरून बघा. उतरताना बोटं पुढे आदळली, तर उतारावर धावताना नखांचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. टाच किंचित हलली तर चालेल, मोजा घसपटत असेल तर नाही. ट्रेडमिल असेल तर उत्तम. एकदा सोलला रस्त्याची धूळ लागली की बूट परत घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही.

आणि "वापरून सैल होतील" हे मनातून काढून टाका. ते कातडी चपलांचं शास्त्र आहे. हल्लीच्या बुटांचं विणलेलं कापड फारसं ताणत नाही, आणि लांबी तर मुळीच वाढत नाही. रनिंग शूज पहिल्या दिवसापासून बरे वाटले पाहिजेत.

घेऊन झालाय, परत करायची मुदतही गेली

काही दुखणी लेसने बरी होतात. टाच उचलली जात असेल तर घोट्याजवळचं शेवटचं जादा भोक वापरा. दोन्ही बाजूंना लेसचा छोटा फास करायचा, समोरची लेस त्यातून ओवायची आणि मग गाठ मारायची. पावलाच्या वरच्या बाजूला हाडावर दुखत असेल, तर तेवढ्या जागी लेस आडवी न नेता त्याच बाजूने वर न्यायची, दाब जातो. बोटं बधिर होत असतील तर खालच्या दोन-तीन ओळी सैल सोडायच्या, वरच्या तशाच घट्ट. किंचित मोठा झालेला बूट जाड मोज्याने सावरता येतो.

लांबीत कमी पडलेल्या बुटाला मात्र लेस, मोजा, पावडर यातलं काही चालत नाही. त्यात धावणं बंद करायचं. माझा तो जोड अजून आहे, बाजारहाट करायला वापरतो. सपाट रस्त्यावर काही बोलत नाही, उतार लागला की दुसरं बोट हळूच आखडून घेतं.