दूध संस्थेचं सॉफ्टवेअर करताय? या चुका टाळा

दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या यांच्यासाठी सॉफ्टवेअर करणारी नवी पोरं अधूनमधून माझ्याकडे डेमो घेऊन येतात. रंगीत आलेख असतात, डॅशबोर्ड झकास असतो. मी एकच विचारतो, "संकलन चालू असताना केंद्रावर कधी उभा राहिलास का?" उत्तर ठरलेलं. "चेअरमनसाहेबांशी सविस्तर मीटिंग झालीय, सर."

ती मीटिंग सकाळी अकराला होते. तोवर दूध गेलेलं असतं, फरशी धुऊन वाळलेली असते, सचिव चहा सांगतात आणि कामकाज कसं चालतं ते अगदी शिस्तीत समजावून देतात. सांगतात ते खोटं नसतं. पण ते अकरा वाजताचं कामकाज असतं, आणि सॉफ्टवेअर चालायचं असतं साडेसहाला.

रांग न बघता स्क्रीन ठरवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा लांबण लावतो.

कोल्हापूर भागातल्या एका संस्थेने मला बोलावलं. तक्रार होती, "कॉम्प्युटर स्लो चालतोय." सॉफ्टवेअर बाहेरच्या एका कंपनीचं. मी सकाळी जाऊन बघितलं तर कॉम्प्युटर अजिबात स्लो नव्हता. स्क्रीनचा क्रम असा होता: उत्पादकाचा (दूध घालणाऱ्याचा) कोड, वजन, फॅट (स्निग्धांश), एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, सेव्ह, पावती. एक नोंद सेव्ह झाल्याशिवाय पुढचा कोड घेतच नव्हता. कागदावर यात चूक काढायला जागा नाही.

केंद्रावर मात्र दोन माणसं काम करतात. एक जण काट्यापाशी: दूध ओतून घ्यायचं, वजन बघायचं, नमुन्याची बाटली भरून पुढे सरकवायची. दुसरा ॲनालायझरपाशी, म्हणजे फॅट-एसएनएफ मोजणाऱ्या मशिनपाशी. त्या मशिनला एका नमुन्याला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. पूर्वी एक नमुना मशिनमध्ये असताना काट्यावर आणखी दोघा-तिघांचं दूध मोजून व्हायचं. नव्या सॉफ्टवेअरने ही दोन कामं एकामागे एक बांधून टाकली, त्यामुळे काट्यावरचा गडी मशिनकडे बघत उभा आणि रांग देवळापर्यंत. रांगेतल्या कुणाला पोराला शाळेत सोडायचंय, कुणाला भांगलणीला जायचंय. गावोगावचं दूध उचलणाऱ्या दूध संघाचा टेम्पो कुणासाठी थांबत नाही, आणि उन्हाळ्यात उशीर झाला की दूध आंबूस लागल्याची तक्रार वरून येते.

मग पोरांनी काय केलं? जुनी वही बाहेर काढली. सगळी नोंद वहीत करायची आणि गर्दी ओसरली की एकाने बसून कॉम्प्युटरमध्ये भरायची. पावत्या छापल्या जायच्या, पण माणसं घरी गेल्यावर. घाईत भरताना ३.८ चा ३.३ व्हायचा. दुसऱ्या दिवशी पावती हातात पडली की उत्पादक म्हणायचा, "काल तोंडी ३.८ सांगितली होतीस की!" आठवड्याभरात गावात चर्चा सुरू: कॉम्प्युटर फॅट मारतोय, म्हणजे कमी दाखवतोय. तिकडे कंपनीच्या रिपोर्टमध्ये सगळ्या नोंदी रोजच्या रोज भरलेल्या, म्हणजे सिस्टीम उत्तम चालू.

इलाज फार हुशारीचा नव्हता. नोंदीचे दोन तुकडे केले. काट्यावर कोड, वजन आणि बाटलीचा नंबर टाकायचा, ओळ पिवळी होऊन थांबून राहणार. मशिनवर बाटलीचा नंबर टाकला की फॅट-एसएनएफ त्या ओळीला जाऊन चिकटणार आणि पावती निघणार. बाटल्यांवर ऑइल पेंटने नंबर आधीपासून घातलेलेच होते. पण ज्याने प्रोग्राम लिहिला तो अकराला आलेला, त्याने बाटल्या पाहिल्याच नव्हत्या.

माझी सवय अशी: पहिल्या खेपेला लॅपटॉप घेऊन जात नाही. दूध यायच्या आधी पोचतो, काट्याशेजारी उभा राहतो, कुणी म्हणालं तर कॅन धरतो. गर्दी संपली की भिंतीवर चिकटवलेले कागद वाचतो आणि मग रजिस्टर मागून उघडतो. खरी सिस्टीम तिथे असते. शेवटच्या पानांवर लिहिलेलं असतं की अमक्याचं दूध सध्या भावाच्या नंबरवर घालायचं, तमक्याची पेंडीची दोन पोती बिलातून कापायची राहिलीत, एकाच घरचं गाईचं आणि म्हशीचं बिल वेगळं काढायचं कारण सासू-सुनेचं वेगळं झालंय. तुमच्या डेटाबेसमध्ये यातल्या कशालाच रकाना नसतो. सॉफ्टवेअर बसवून महिना झाला तरी कॉम्प्युटरशेजारी वही दिसत असेल, तर ती बंद करा म्हणून दरडावू नका. मागून घ्या आणि वाचा.

हे फक्त आपल्याकडच्या खेड्यातलं आहे असं समजू नका. २६ ऑक्टोबर १९९२ ला लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने नवी संगणकीय व्यवस्था पूर्णपणे सुरू केली आणि दोन दिवसांत तिला अर्धवट मागे यावं लागलं. कुठली गाडी कुठे आहे आणि काय करतेय याची जवळजवळ अचूक माहिती सतत मिळत राहील, असं त्या व्यवस्थेने धरलं होतं. धावपळीत गाडीवरचे लोक बटणं ठरल्या क्रमाने दाबत नाहीत, कधी दाबायची राहतात, रेडिओ लागत नाही. मग एका हाकेला दोन गाड्या गेल्या, कुठे तासन् तास एकही पोचली नाही. कंट्रोल रूममधली अनुभवी माणसं पूर्वी कागदाच्या चिठ्ठ्यांवर जे सांभाळून घ्यायची, ते सांभाळायला नव्या पडद्यावर त्यांना जागाच ठेवली नव्हती.

सूत्र इंटरनेटवरून उचलणं

लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजायच्या नळीची) डिग्री आणि फॅट यांवरून एसएनएफ काढायचं सूत्र शोधलं की लगेच सापडतं. अडचण अशी की एकाहून जास्त सापडतात. डिग्री २८ आणि फॅट ३.५ धरा. डिग्रीच्या पाव पटीत फॅटच्या ०.२१ पट आणि ०.३६ मिळवलं तर एसएनएफ साधारण ८.१ येतं. फॅटच्या ०.२५ पट आणि ०.४४ मिळवलं तर ८.३. दूध तेच. गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ पायाभूत धरून बोलला जातो आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला (०.१ ला) पैसे कापले जातात, म्हणजे तुमच्या दोन आकड्यांच्या निवडीवर कुणाचा तरी रोजचा रुपया ठरतो. तसंच काट्याचं. काटा किलो दाखवतो, दर लिटरचा असतो, आणि लिटरभर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो भरतं. हे रूपांतर कुठे करायचं, करायचं की नाही, हे संस्थेने ठरवायचं. प्रोग्रामरने नाही. मी सही-शिक्क्याचं दरपत्रक हातात आल्याशिवाय दराच्या स्क्रीनला हात लावत नाही आणि जुन्या पावत्या घेऊन कॅल्क्युलेटरवर ताळा करतो. पोरांना हे काम कमीपणाचं वाटतं. वाटू दे.

एक माणूस, एक लॉगिन

बँकेत ठीक आहे. केंद्रावर सकाळी सचिव असतात, संध्याकाळी त्यांचा पुतण्या, आणि यात्रेच्या दिवसांत जो सापडेल तो. तुम्ही आठ अक्षरांचा, एक चिन्ह असलेला, दर महिन्याला बदलणारा पासवर्ड सक्तीचा केलात की तो कॅलेंडरवर लिहिला जातो. मग वर्षभराच्या सगळ्या दुरुस्त्या सचिवांच्या नावावर, आणि लेखापरीक्षक विचारायला आला की सचिव त्या रात्री लग्नाला गेलेले असतात. त्यापेक्षा पाळीला लॉगिन द्या: सकाळ, संध्याकाळ, आणि काट्यावर कोण आहे त्याचा चार आकडी पिन. दुरुस्ती बंद करू नका, कारण ती होणारच. जुना आकडा खोडू नका, त्यावर रेघ मारून शेजारी नवा दाखवा. वहीत लोक तेच करतात आणि त्यावर त्यांचा विश्वास असतो.

बाकीच्या, थोडक्यात

टच स्क्रीन देऊ नका. हात ओले असतात. आकड्यांचा साधा कीपॅड द्या, आकडा दाबला की एंटर.

नावाने शोधायची सोय द्या, पण तिच्यावर विसंबू नका. गावात निम्मे पाटील असतात. कोड आणि मळ्याचं नाव, यावर माणूस सापडतो.

जुनी यादी श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये) टाइप केलेली असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा. "नंतर करू" म्हणणाऱ्यांच्या यादीत नंतर काहीच शोधता येत नाही.

इंटरनेट नसताना संकलन थांबत असेल तर ते सॉफ्टवेअर परत घेऊन जा.

थर्मल पावती उन्हात फिकी पडते. उत्पादक दहा दिवसांचं बिल होईपर्यंत पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपतो आणि बिलाच्या दिवशी कोरे कागद घेऊन येतो. बिलासोबत दहा दिवसांचा तपशील पुन्हा छापून द्या.

भाषा शेवटी घालू नका. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन कमी ताकदीचे होते, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं. ज्या बाई वर्षानुवर्षं मराठीत रजिस्टर चोख ठेवत होत्या, त्यांना एका रात्रीत अडाणी ठरवणारं ॲप कुणी का वापरावं?

आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरुवात करू नका. चेअरमन हमखास तोच दिवस सुचवतात, पेढेही आणलेले असतात. पण त्या सुमारास सचिव दिवाळीआधी वाटायच्या दूध फरकाच्या (वर्षभराच्या दुधावर मिळणाऱ्या जादा रकमेच्या) याद्यांत बुडालेले असतात आणि दहा दिवसांचं बिल मध्येच तुटतं. अर्धं वहीत, अर्धं कॉम्प्युटरमध्ये, आणि जुळवत बसायचं तुम्ही. पूजा दसऱ्याला करू द्या, नारळ फोडा, पेढा खा. पहिली नोंद दिवाळी उरकल्यावर एक, अकरा किंवा एकवीस तारखेला, सकाळच्या पाळीला. आणि त्या दिवशी तुम्ही तिथे काट्यापाशी पाहिजे, फोनवर नव्हे.