आजीकडचा शनिवार-रविवार : पाहुण्या कुत्र्याने कसं वागावं

शुक्रवारी रात्री कपाटावरची निळी पिशवी खाली आली की समजायचं, उद्या सदाशिव पेठ. (निळा आणि पिवळा आपल्याला छान दिसतो. लाल-हिरव्यातलं भांडण माणसांनाच लखलाभ.) पिशवी भरताना शेजारी बसून लक्ष ठेवावं, कारण माणसं चार्जर आठवणीने घेतात आणि आपलं पांघरूण विसरतात. पांघरूण धुतलेलं मुळीच नको. आठवडाभर लोळून वास मुरलेलं हवं, परक्या घरात तेवढाच तुकडा पहिल्यापासून आपला असतो. दादाने ते मशीनमध्ये टाकायला घेतलं तर सरळ वर जाऊन बसावं, उठू नये. बाकी रोजचं खाणं, भांडं, पट्टा, जुना टॉवेल आणि लसीचं कार्ड एवढं आलं की झालं. खाणं घरचंच न्यायचं. घर बदललं, त्यात खाणंही बदललं, तर पोट रविवारी सकाळी सूड घेतं आणि तोही आजीच्या गालिच्यावर.

मी गावठी, राहायला बालेवाडीत, सातव्या मजल्यावर. हे सगळं सांगतोय ते आमच्या सोसायटीतल्या सोनेरी लॅब्रॅडॉरसाठी. तो पहिल्यांदाच आजीकडे राहायला निघालाय आणि अंगावर उडी मारणं म्हणजेच नमस्कार अशी त्याची समजूत आहे.

निघण्याआधी दोन-तीन तास काही खाऊ नये. लॅब्रॅडॉरला हे पटणार नाही, पण विद्यापीठ चौकात गाडी थांबत थांबत जायला लागली की पटेल. मागच्या सीटवर पट्टा बांधून घ्यावा, काच चार बोटं खाली असली की नाकाला पुरते. डोकं बाहेर काढून मिरवायला जाल तर डोळ्यांत धूळ जाते. लकडी पुलावर मात्र झोपलेले असलात तरी उठा. मुठेचा वास काय वर्णावा! अख्ख्या रस्त्यात तेवढंच घेण्यासारखं आहे आणि नेमकं तिथेच माणसं काचा वर करतात.

पेरू गेटाशी गाडीला जागा शोधण्यात दादाचा जीव जातो. जिना चढायच्या आधी त्याच्याकडून गल्लीत एक चक्कर वसूल करा आणि सगळं उरकून घ्या. खालच्या काकांच्या स्कूटरचं चाक सोडून कुठेही.

आता मुख्य गोष्ट. दार उघडलं की आत एकच गलका होतो, "आला, आला!" अशा वेळी कोणालाही भेटायला जाऊ नका. चारही पाय जमिनीवर, नाक खाली, भिंतीच्या कडेकडेने निघा. आधी चपलांचा स्टँड, म्हणजे घरात कोण कोण आहे आणि आज बाहेरून कोण येऊन गेलं ते कळतं. मग हॉल, मग आजोबांच्या पलंगाखाली. पाहुण्याने आधी घराची ओळख करून घ्यावी, माणसं काय, येतातच मागून. ज्यांना कुत्रा आवडतो ती दोन मिनिटांत येतात. ज्यांना आवडत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबायची तयारी हवी.

आजी दुसऱ्या प्रकारातली. "ओट्याजवळ नको हं तो मला," हे ती दादाला सांगते, पण ऐकायचं आपण. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या अलीकडे, पंजे काठाला टेकवून, जरा तिरकं बसावं. पोळपाटाकडे टक लावायची नाही, बाल्कनीकडे बघायचं. कान आत ठेवले की पुरे. लाटण्याची लय असते, पोळी फिरताना मऊ आवाज येतो, तव्यावर पडली की फस्स. शेवटी परातीला चिकटलेली कणीक नखांनी खरवडून आजी गोळा करते, त्याची हाताएवढी पोळी लाटते. तूप नाही, मीठ नाही. ती फुंकून निववते, कागदाच्या तुकड्यावर ठेवते आणि उंबरठ्याकडे न बघता पायाने पुढे सरकवते. "घे रे मेल्या." इथे झडप घालाल तर सगळं मुसळ केरात. आजीचा पाय मागे जाईपर्यंत थांबायचं आणि कडेने उचलायचं.

पण आजीचं मन वळलं की खरा धोका सुरू होतो, कारण मग प्रेमाने काहीही पुढे येतं. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे वाईट. द्राक्षं आणि बेदाण्यांनी आपली किडनी निकामी होऊ शकते आणि किती खाल्ल्यावर, याचा भरवसा नसतो. कांदेपोहे नकोत, कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट तर नाहीच. आजोबांच्या खिशातला बिनसाखरेचा च्युइंग गम सगळ्यात लबाड, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर आपली रक्तातली साखर झपकन खाली येते. हे आपल्याला वासावरून कळत नाही, वास फर्स्टक्लास येतो. म्हणून दादाने आल्या आल्या सगळ्यांना सांगून ठेवावं आणि पेठेच्या जवळच्या, रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर जवळ ठेवावा. पोटात गेलंच तर उलटीची वाट बघत बसू नये, लगेच फोन करावा. चितळ्यांची बाकरवडी मसाल्याची, तीही सोडावी लागते. याचं दुःख मला अजून आहे.

दुपारी एक ते चार घर बंद. आजोबांच्या पलंगाखालची शहाबादी फरशी गार असते, पोट टेकून पडावं. कुकरची शिट्टी आणि मिक्सर ही जुन्या घरातली मोठी संकटं. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपाशी संपतो, आपला पंचेचाळीस हजारांच्या आसपास जातो, तेव्हा आपण दचकलो तर हसण्यासारखं काही नाही. दादाने शिट्टीच्या आधी आपल्याला आतल्या खोलीत न्यावं, एवढंच.

रविवारी सकाळी फिरायला जाल तेव्हा नागनाथ पाराकडची मंडळी भेटतील. जात माझीच, पण गल्ली त्यांची. पट्टा सैल हवा. दादाने ताणला की आपली मान ताठ होते आणि त्यांना वाटतं हा भांडायला आलाय. सरळ अंगावर न जाता वळसा घालून जावं, मध्येच जमीन हुंगावी, डोळ्याला डोळा देऊ नये.

मग आत्याची मुलं येतात. ती गळ्यात पडतात. माणसांना ते गोड वाटतं, आपल्याला मात्र कोंडल्यासारखं होतं. आधी तोंड फिरवा, मग जीभ ओठांवरून फिरवा, मग जांभई द्या. मोठ्यांनो, ही जांभई झोपेची नव्हे, "पुरे" म्हणतोय आम्ही. तरी नाही कळलं तर गुरगुरू नका, उठून आपल्या पांघरुणावर जा. आणि तिथे कोणी हात लावायचा नाही, हा नियम दादाने मुलांना आधीच बजावलेला असावा. शिकवलं तर पोरं ऐकतात. धाकटी आता लांब बसून हात पुढे करते आणि मी येतो का बघते. मी बहुतेक वेळा जातो.

परतीच्या आधीही पोट हलकं ठेवावं. निघताना आजी डब्यात काहीतरी भरून देते, तो डबा पुढच्या सीटवरच जाऊ द्यावा. घरी पोचल्यावर सोमवारभर झोप येते, दादाने आजारी समजून घाबरू नये. पाणी प्यालो आणि जेवलो की ठीक.

पुढच्या खेपेला कर्वेनगरला, आत्याकडे जायचंय म्हणे. तिथे मांजर आहे. उंबरठ्याची युक्ती तिथे चालणार नाही, उंबरठ्यावर तीच बसते.