विंडोज ११ टाकायची का? आधी महिन्यातून एकदा होणारी कामं मोजा

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे, अरे ते स्क्रीनवर येतंय की विंडोज १० बंद झाली, मग आता काय करू. मी काही इंजिनिअर वगैरे नाही, घराण्यात ज्याला प्रिंटर चालू करता येतो तोच कॉम्प्युटरवाला ठरतो त्यातला मी. नाशिकला इंदिरानगरात आमचं घर, सिडकोत मामा, निफाडला दाजी, तीन ठिकाणी तीन मशिनी आणि तिन्हींचं उत्तर वेगळं निघालं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो म्हणजे फोनवर परत परत सांगायला नको.

पहिली गोष्ट, "बंद झाली" म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणार असं नाही. विंडोज १० आली २०१५ च्या जुलैमध्ये आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट थांबले. मशीन चालतंय, फाईली उघडतायत, सगळं तसंच आहे. फक्त आता नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही. ज्या मशीनवर तुम्ही नेटबँकिंग करता तिथे हे जपायला पाहिजे, आणि ज्या मशीनला नेटच नाही तिथे झोप उडवून घेऊ नका.

आणि घाई नसलेल्यांसाठी एक सवलत आहे जी दुकानदार सहसा सांगत नाही कारण त्याला त्यात काही मिळत नाही. एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स म्हणून प्रकार आहे, घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल नाऊ दिसतं, मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने लॉगिन करावं लागतं, आणि सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाऊडवर चालू केला की पैसे लागत नाहीत. नाहीतर त्यांचे १००० रिवॉर्ड पॉईंट द्या किंवा ३० डॉलरच्या आसपास भरा. अट एकच, तुमची विंडोज १० शेवटच्या व्हर्जनवर म्हणजे २२एच२ वर पाहिजे. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, त्या डब्यात winver लिहा, एंटर मारा, लगेच दिसतं.

आता मशीन ११ घेतं का ते बघायचं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप आहे, ते हो किंवा नाही सांगतं. पण "नाही" आलं म्हणून लगेच हात टेकू नका, नाही कशामुळे ते वाचा, कारण दोन प्रकारचे नाही असतात. एक म्हणजे प्रोसेसरच जुना, इंटेलचा मोटामोटी आठव्या जनरेशनच्या आधीचा किंवा एएमडीचा रायझन २००० च्या आधीचा, तिथे विषय संपला. दुसरं म्हणजे टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) सापडत नाही किंवा सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर घेणारी सोय) बंद आहे, आणि असेंबल केलेल्या मशिनींमध्ये हे बऱ्याचदा नुसतं बंद करून ठेवलेलं असतं. आमच्या बाबांचं मशीन २०१९ चं, आठव्या जनरेशनचा आय फाईव्ह, तरी ॲप म्हणत होतं नाही. चालू करताना डिलीट दाबत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, गेलो तर इंटेल पीटीटी (इंटेलचा टीपीएमच) म्हणून एक ओळ होती, समोर डिसेबल्ड. एनेबल केलं, सेव्ह केलं, बाहेर आलो, टीपीएम हजर. एएमडीवाल्यांनी तिथे एफटीपीएम शोधा.

सिक्युअर बूटचं मात्र सांभाळून. त्याला यूईएफआय ही मशीन चालू व्हायची नवी पद्धत लागते, आणि तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने मांडलेली असताना बायोसमध्ये सरळ यूईएफआय निवडलंत तर मशीन काळी स्क्रीन दाखवून बसतं. विंडोजमध्ये एमबीआरचं जीपीटी (डिस्क मांडायची नवी पद्धत) करायचं टूल आहे, डेटा न उडवता करतं, पण बॅकअप नसताना ते चालवायचं धाडस मी तरी करत नाही. जमत नसेल तर महात्मा गांधी रोडला किंवा कॉलेज रोडला ओळखीच्या माणसाकडे घेऊन जा, काय काम करायचंय ते नेमकं सांगा, "विंडोज टाकून द्या" असं मोघम सांगू नका. मोघम सांगितलं की तो सी ड्राईव्ह फॉरमॅट मारून मोकळा होतो आणि डेस्कटॉपवरचे मुंजीचे फोटो पण त्यातच जातात.

बाकी कागदावरच्या अटी म्हणजे ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा वगैरे, त्या कागदावरच ठेवा. ४ जीबीत ११ चालते म्हणजे रविवार कारंजावरून संध्याकाळी गाडी जाते तशी चालते. ८ जीबी आणि एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) पाहिजेच. खरं सांगायचं तर ज्यांना "कॉम्प्युटर स्लो झालाय, नवीन विंडोज टाकू का" असं वाटतं त्यातल्या बऱ्याच जणांना विंडोज नाही, एसएसडी पाहिजे असते. टास्क मॅनेजर उघडा, नुसतं चालू करून ठेवलेलं असताना डिस्क १०० टक्के दाखवत असेल तर दोष त्या फिरणाऱ्या जुन्या हार्डडिस्कचा आहे, ११ टाकून ते अजून वाढेल. रॅम-एसएसडीचे भाव सध्या चढलेत, दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.

अजून एक, सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन बघा. तुमची १० खरी असेल तर ११ फुकट आहे. असेंबल करताना कोणीतरी "टाकून दिलेली" असेल तर आधी तो गुंता सोडवा.

इथपर्यंत मशीनचं झालं, आणि लोक इथेच थांबतात. मी पण थांबलो होतो.

बाबांच्या मशीनवर मी रविवारी दुपारी ११ टाकली, तासा-दीड तासात झालं, फाईली जागेवर, फोटो जागेवर, क्रोम उघडलं, बाबांनी यूट्यूबवर नाट्यसंगीत लावलं, आई म्हणाली झालं का, मी म्हणालो झालं. स्टार्टचं बटण मधे गेलं होतं ते डावीकडे आणून दिलं, बाबा खूष. सोमवारपासून रोज चालू. पुढच्या मंगळवारी, म्हणजे नवव्या दिवशी, मी ऑफिसात असताना बाबांचा फोन, "अरे, ते टायपिंगचं उघडत नाहीये."

ज्येष्ठ नागरिक संघाचं मासिक पत्रक बाबा टाईप करतात. युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर तसंच दिसणाऱ्या मराठीत) नाही हां, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घेतलेलं एक मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्याला मागे यूएसबीत डाँगल, म्हणजे पेनड्राईव्हसारखी परवान्याची किल्ली, लागतो, डाँगल नसला तर ते उघडतच नाही. ११ ला तो डाँगल दिसेना. आणि हे काम महिन्यातून एकदाच येतं, त्यामुळे आठ दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही. जुन्या फाईली वर्डमध्ये उघडून बघितल्या तर सगळी गिचमीड, कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं मराठी दिसतात पण आतमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट गेला की मुखवटा गेला.

विंडोज ११ टाकल्यावर परत १० वर जायला १० दिवस मिळतात. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, तिथे गो बॅक. ही मुदत जुनी विंडोज डिस्कवर विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये पडून असते तोवरच, जागा मोकळी करायच्या नादात ते उडवलं तर दहा दिवस पण नाहीत. मी त्या रात्री साडेनऊला गो बॅक दाबलं आणि यूपीएसकडे बघत बसलो, कारण घरगुती यूपीएस दहा-पंधरा मिनिटांचा धनी असतो आणि आमच्याकडे वारा सुटला की लाईट जायची काय गॅरंटी. आली परत, डाँगलचा हिरवा दिवा लागला, बाबांनी पत्रक टाईप केलं. पण एक दिवस उशीर झाला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. मशीनची तपासणी दहा मिनिटांची आहे, पण त्याआधी वहीत एक पान घ्या आणि घरातल्या सगळ्यांना विचारा की या कॉम्प्युटरवर तुम्ही महिन्यातून एकदा, वर्षातून एकदा काय करता. रोजची कामं सोडून द्या, ती बिघडली तर संध्याकाळच्या आत कळतं. आमच्या पानावर काय काय निघालं बघा. सोसायटीच्या मेंटेनन्सची बिलं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि टॅलीचं व्हर्जन कधीचं आहे ते कोणालाच माहीत नाही. काकांचं जीएसटी रिटर्न, त्याला डिजिटल सहीचा टोकन, तो पण यूएसबीत लागतो. आईचं पेन्शनचं हयातीचं प्रमाणपत्र, वर्षातून एकदा नोव्हेंबरमध्ये, अंगठ्याच्या मशीनवर, त्याचा ड्रायव्हर वेगळा. बहिणीचा जुना स्कॅनर. कपाटावर धूळ खात पडलेला लेझर प्रिंटर जो फक्त परीक्षेच्या सीझनला खाली उतरतो.

या प्रत्येकासमोर लिहायचं की हे ११ वर चालतं का, कंपनीच्या साईटवर ११ चा ड्रायव्हर आहे का, इन्स्टॉल करायची फाईल आणि लायसन्सचा नंबर कुठे आहे. ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, त्यामुळे तुमची १० अजून ३२ बिटची असेल आणि प्रिंटरचा ड्रायव्हर पण त्याच जमान्यातला असेल तर तिथे अडणार हे धरूनच चाला. आणि मग ११ टाकल्यावर त्या दहा दिवसांत पानावरचं प्रत्येक काम खोटं खोटं का होईना एकदा करून बघायचं. एक चाचणी बिल काढा, एक पान प्रिंट करा, टोकन लावून बघा, अंगठा ठेवून बघा. वर्षभराची कामं एका आठवड्यात.

बॅकअपचं सगळेच सांगतात म्हणून थोडक्यात. बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, डी ड्राईव्हवर केलेला बॅकअप हा बॅकअप नाही, तोच नारळ दुसऱ्या पिशवीत ठेवल्यासारखं आहे आणि दोन्ही पिशव्या एकाच हातात. सी ड्राईव्हवर पंचवीस-तीस जीबी मोकळी ठेवा. डाउनलोड पाच-सहा जीबी होतं, आणि सध्या सिंहस्थाची कामं चालू, कुठे कधी रस्ता खोदतील आणि फायबर तुटेल सांगता येत नाही, त्यामुळे आधी पूर्ण डाउनलोड करून घ्या मगच सुरू करा. आणि ११ कोरी टाकून मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने लॉगिन केलं तर हल्ली डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होऊ शकते, ती उघडायची रिकव्हरी की त्या अकाऊंटमध्ये असते, म्हणून ते अकाऊंट दुकानदाराच्या ईमेलवर उघडू देऊ नका. ही चूक लोक करतात आणि दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला की रडतात.

आता मामांचं. २०१७ चं मशीन, सातव्या जनरेशनचा आय थ्री, म्हणजे ११ नाही. भाच्याच्या मित्राने सांगितलं की पेनड्राईव्ह अशा पद्धतीने बनवायचा की ती तपासणीच होत नाही, टाकून देतो. होतं तसं, खोटं नाही. पण मायक्रोसॉफ्ट स्वतः म्हणतं की अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं नाही, आणि आपण १० सोडतोय ती अपडेटसाठीच ना, मग अपडेटची खात्री नसलेली ११ घेऊन काय करायचं? खेळायला दुसरं मशीन असेल तर करा. मामांच्या मशीनवर सोसायटीच्या बावीस घरांचा हिशेब आहे, तिथे नाही. त्यांना त्या २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंतच्या अपडेटमध्ये नोंदवून टाकलं, आणि नवीन मशीन घ्यायला तोवर वेळ मिळाला.

दाजींचं अजून सोपं. निफाडला शेडमधलं मशीन, पाचवी जनरेशन, ४ जीबी रॅम, काम काय तर ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब आणि औषध-खतांच्या हिशेबाची एक शीट. पानावर एकही अडणारी गोष्ट निघाली नाही. एसएसडी टाकली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टम. मिंट आधी पेनड्राईव्हवरून चालवून बघता येतं, काही न पुसता, दाजींना एक दिवस तसंच वापरायला दिलं, त्यांनी विचारलं ते पत्त्यांचं कुठंय, बाकी काही नाही. टॅली किंवा सहीचा टोकन असता तर मी मिंटचं नाव काढलं नसतं. आणि हे सगळं पावसाळ्यात केलं, द्राक्षाचा माल चालू असताना जानेवारी ते एप्रिल त्या मशीनला हात लावला असता तर दाजींनी मला शेडच्या बाहेर काढलं असतं.

बाबांचं मशीन तेवढं राहिलं होतं. त्यांच्या जुन्या फाईली मी १० वरच बसून आधी सगळ्या पीडीएफ करून ठेवल्या, म्हणजे दिसायला तरी कायमच्या राहिल्या. मग लागणाऱ्या तेवढ्या युनिकोडमध्ये बदलल्या. कन्व्हर्टर मिळतात पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका, जुन्या फॉन्टमध्ये रफार नंतर आणि ऱ्हस्व वेलांटी आधी टाईप झालेली असते, त्यामुळे "धर्म" चं "धमर्" होतं आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. बाबा लाल पेन घेऊन प्रिंट तपासायला बसले, दोन महिने चाललं होतं ते. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहेच, तो चालू करून दिला, पहिले आठ दिवस शिव्या, नंतर सवय.

मागच्या महिन्याचं पत्रक त्यांनी पहिल्यांदा युनिकोडमध्ये काढलं. या रविवारी ११ परत टाकतोय, पान भिंतीला चिकटवलंय, डाँगल टेबलाच्या खणात आहे. बाबा म्हणाले टाकू नकोस तो, असू दे.