घनफळाच्या सूत्रांतून सममूल्य राशी शिकवताना

सहावी ते आठवीच्या वर्गांना नव्याने गणित शिकवू लागलेल्या शिक्षकांसाठी मी हे लिहीत आहे. सममूल्य बैजिक राशींचा पाठ बहुधा ‘कंस सोडवा, सजातीय पदे एकत्र करा’ या सूचनांनी सुरू होतो. विद्यार्थी ती कृती शिकतातही, परंतु दोन वेगळ्या दिसणाऱ्या राशींमध्ये बरोबरचे चिन्ह का लिहायचे, हे त्यांना सांगता येत नाही. माझ्या अनुभवात हे ‘का’ घनफळातून सर्वांत स्पष्ट होते, कारण एकाच घनाकृतीचे घनफळ दोन मार्गांनी मोजले तर राशी दोन मिळाल्या तरी घनफळ एकच राहते. म्हणून सरळरूप देण्याचे नियम शिकवण्याआधीच मी वर्गाला घनाकृती मोजायला देतो.

सुरुवात इष्टिकाचितीपासून करावी, पण तेथे फार रेंगाळू नये. कोणतेही पृष्ठ पाया मानले तरी लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार बदलत नाही, एवढे दिसले की गुणाकाराचा क्रमनिरपेक्ष आणि साहचर्य गुणधर्म हाती येतो.

खरा वेळ पुढील आकृतीला द्यावा. क्ष बाजूचा चौरस पाया आणि ३ एकक उंची असलेल्या ठोकळ्याच्या एका कोपऱ्यातून २ एकक बाजूच्या चौरस पायाचा, पूर्ण उंचीचा तुकडा काढून टाका. उरलेल्या भागाचे घनफळ गटागटांना काढायला सांगा आणि कोणती रीत वापरायची हे मुळीच सांगू नका. काही गट पूर्ण ठोकळ्यातून तुकडा वजा करून ३क्ष² − १२ लिहितात. काही गट उरलेला भाग दोन इष्टिकाचितींत कापून ३क्ष(क्ष − २) + ६(क्ष − २) लिहितात. त्यानंतर कापलेला लहान तुकडा फिरवून मोठ्या तुकड्याच्या टोकाला जोडून दाखवा. दोघांची एक बाजू (क्ष − २) असल्याने ते नेमके जुळतात आणि ३(क्ष + २)(क्ष − २) ही तिसरी राशी मिळते. एकमेकांत अडकणारे लहान घन वापरून क्ष = ५ साठी ही आकृती बांधली, तर तिन्ही राशींची किंमत ६३ येते आणि घन मोजूनही तेवढेच भरतात. वजा करणे, कापणे आणि जोडणे या हातांनी केलेल्या कृतींमधून वितरण गुणधर्म आणि अवयव पाडणे दोन्ही उलगडतात, म्हणून एवढ्या एका आकृतीवर पूर्ण तास गेला तरी मला तो सार्थकी लागलेला वाटतो.

किंमत घालून ताळा घेण्याची सवय चांगली आहे, पण तिची मर्यादाही त्याच तासात दाखवावी. एखादा विद्यार्थी ३(क्ष − २)² असे उत्तर लिहितो; क्ष = २ घातल्यास या चुकीच्या राशीची आणि ३क्ष² − १२ ची किंमत शून्यच येते, मात्र क्ष = ५ घेताच एकीकडे २७ आणि दुसरीकडे ६३ मिळतात. एका किमतीला जुळणे म्हणजे सममूल्य असणे नव्हे. एका चलातील, दुसऱ्या घातापर्यंतच्या दोन बहुपदी राशी तीन वेगवेगळ्या किमतींना जुळल्या, तर त्या सर्वच किमतींना जुळतात. हे शिक्षकाने स्वतः जाणून असावे, त्याची सिद्धता या वयात मागू नये.

पुढची आकृती झाकण नसलेल्या खोक्याची. २० सेंटिमीटर बाजूच्या चौरस पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांतून क्ष बाजूचे चौरस कापून कडा दुमडल्या, तर घनफळ क्ष(२० − २क्ष)² येते. यातून २ सामाईक काढताना अनेक विद्यार्थी २क्ष(१० − क्ष)² लिहितात. येथे नियम सांगण्याऐवजी पायाकडे बोट दाखवावे: पायाच्या दोन्ही बाजूंतून २ बाहेर येतो, म्हणून योग्य राशी ४क्ष(१० − क्ष)² आहे. क्ष = २ साठी पहिल्या राशीतून ५१२ घन सेंटिमीटर मिळतात, चुकीच्या राशीतून २५६. वृत्तचितीच्या सूत्रात त्रिज्येऐवजी व्यास घालताना भाजकात ४ ऐवजी २ येतो, तोही याच जातीचा घोटाळा असतो.

आकृतीवर मात्र कायमचे विसंबून राहता येत नाही. कोपरा कापलेल्या ठोकळ्यात क्ष २ पेक्षा मोठा असावाच लागतो, तर ३क्ष² − १२ = ३(क्ष + २)(क्ष − २) ही समानता क्ष ऋण असतानाही खरी असते. म्हणून आकृतीतून मिळालेली प्रत्येक समानता नंतर कागदावर पायरीपायरीने सोडवून घ्यावी आणि प्रत्येक पायरीपुढे कोणता गुणधर्म वापरला ते लिहून घ्यावे. चाचणीत मी उलट प्रश्नही ठेवतो: क्ष²(क्ष + ४) आणि क्ष³ + ४क्ष² या दोन्ही राशी ज्यातून मिळतील अशी एकच आकृती काढा आणि ती कोठे कापली ते दाखवा.