शीव चालल्याशिवाय नकाशा काढू नका: सामूहिक वनहक्काच्या दाव्यातल्या नेहमीच्या चुका

सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावानं आपल्या पारंपरिक जंगलावर सांगितलेल्या हक्काच्या, दाव्याची फाईल हातात आली की मी आधी तिच्यातला नकाशा उघडून बघतो. ठराव, वंशावळ, वडीलधाऱ्यांचे जबाब मागाहून. गाव खरंच जंगलात फिरलं, की कुणी तालुक्याच्या ठिकाणी पंख्याखाली बसून मोकळा झाला, हे नकाशावरच्या नावांवरून लगेच कळतं. चाललेल्या नकाशावर नावं गर्दी करून असतात: अमका नाला, तमकी बोडी (छोटं तळं), देवाचं ठाणं, जुन्या गावठाणाची जागा. बसून काढलेल्या नकाशावर रेषा असते, खाली हेक्टर असतात आणि मध्ये सगळा हिरवा रंग.

गडचिरोली जिल्ह्यात सामूहिक वनहक्काचं काम राज्यात सगळ्यात जास्त झालं, आणि त्याच त्या चुकाही सगळ्यात जास्त तिथंच बघायला मिळाल्या. धानोरा, कोरची, कुरखेडा, एटापल्ली, कुठंही जा, चुका त्याच. खाली लिहितोय त्या बहुतेक टाळता येण्याजोग्या आहेत. घाई सोडली तर.

वनविभागाचे कक्ष जोडून गावाची शीव तयार करणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. ती करणाऱ्याला आपण हुशारी केली असं वाटतं, म्हणून जास्तच.

पद्धत अशी: वनविभागाच्या कक्षांचा, म्हणजे जंगलाच्या पाडलेल्या क्रमांकवार तुकड्यांचा, डिजिटल थर मिळवायचा, गावाभोवतीचे तीन-चार कक्ष निवडायचे, एकत्र जोडायचे, क्षेत्रफळ काढायचं, छापायचं. अर्ध्या तासात दावा तयार. कक्षाच्या रेषाही पुष्कळदा नाल्यानं आणि टेकडीच्या धारेनं जातात, त्यामुळे नकाशा दिसायला अगदी खरा वाटतो. पण कक्ष पाडले ते लाकूडतोडीच्या नियोजनासाठी. गावाचं सरपण, मोहफूल, चराई, मसणवटी कुठं आहे हे बघून कुणी ते पाडले नव्हते. कायद्याला हवी आहे ती गावाची पारंपरिक, रूढीनं चालत आलेली सीमा. त्याच्या 2012 च्या सुधारित नियमांत तर स्पष्टच आहे की वनहक्क समितीनं (दाव्याच्या कामासाठी ग्रामसभेनं निवडलेल्या समितीनं) ग्रामसभेतल्या इतरांना आणि सीमेची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन ती आखायची.

एका गावाचं असंच झालं. बाहेरच्या एका संस्थेच्या उत्साही मुलांनी कक्ष जोडून नकाशा करून दिला. ग्रामसभेत तो भिंतीवर लावला, हेक्टरचा आकडा वाचून दाखवला, आकडा मोठा होता, सगळे खूश झाले, सह्या-अंगठे झाले. शेजारच्या गावाचा नकाशाही त्याच मुलांनी त्याच पद्धतीनं केला. दोन्ही दावे मंजूर झाले. रेषा एकमेकींना तंतोतंत जुळत होत्या, मग कुणाची हरकत यायचा प्रश्नच नव्हता. भानगड उघडी पडली ती बांबूच्या पहिल्या हंगामात. पहिल्या गावाचा एक मोठा मोहाचा पट्टा आणि त्याला लागून असलेली मसणवटी कागदावर दुसऱ्या गावात गेली होती. बाया पिढ्यानपिढ्या तिथं फुलं वेचत होत्या आणि त्याच जागेतला बांबू आता दुसरी ग्रामसभा विकणार होती.

भांडण होणार म्हणून मला बोलावलं. दोन्ही वनहक्क समित्या त्या पट्ट्यातच बसवल्या, झाडाखाली. शेजारच्या गावचे एक वयस्क बाबा इकडं तिकडं बघून म्हणाले, "हे आमचं कवा झालं जी? आमी तर इकडं गुरंबी आणत नाही." म्हणजे ज्यांना जमीन मिळाली त्यांना ती मिळाल्याचा पत्ता नव्हता, आणि ज्यांची गेली त्यांना गेल्याचा. दुपार कलायच्या आत दोन्ही गावांनी नाल्यावरून शीव चालून दाखवली. काडीचाही वाद नव्हता. लेखी समझोता झाला, दोन्हीकडचे ठराव झाले.

आणि मग खरी रखडपट्टी सुरू झाली. मंजूर झालेला हक्कपत्राचा नकाशा बदलून घेणं हे पहिल्यांदा दावा करण्यापेक्षा कितीतरी जड काम आहे. कुठल्या टेबलावर न्यायचं इथपासून सुरुवात. दर नव्या साहेबाला पहिल्यापासून गोष्ट सांगायची. तोवर त्या पट्ट्यातला बांबू दोघांनीही तोडला नाही. तो तसाच वाळत उभा.

म्हणून माझी सवय सांगतो. कक्षांचा थर मी संगणकात ठेवतो, पण शीव चालून होईपर्यंत तो उघडत नाही. आधी चालायचं, मग कागदावर हातानं काढायचं, मग त्या रेषेवर कक्ष ठेवून कुठला पूर्ण येतो नि कुठला अर्धा, ते लिहायचं. दाव्यात कक्ष क्रमांकाची जागा असते. अर्धा कक्ष असेल तर "अंशतः" लिहा. काही जण अर्धा कक्ष म्हटलं की घाबरून तो पूर्ण धरतात किंवा पूर्ण सोडतात. दोन्ही चूक.

शेजाऱ्यांना न बोलावता चालणे

वरची गोष्ट वाचून हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. शीव दोन गावांची असते. ज्या बाजूनं चालणार त्या बाजूच्या गावाला आधी लेखी निरोप द्या, त्यांचे दोन-चार जण बरोबर घ्या आणि जागेवरच दोन्हीकडच्या सह्या घ्या. सीमा एकमेकींवर आल्या तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून, कोण कसा वापर करतं ते बघून, आपापल्या ग्रामसभेला लेखी कळवायचं असं नियमातच आहे. तिथं सुटलं नाही तरच प्रकरण उपविभागीय समितीकडे (ग्रामसभेच्या वर दावे तपासणाऱ्या समितीकडे) जातं. उलटा क्रम लावणारे पुष्कळ भेटतात: आधी दावा टाकू, हरकत आली तर बघू. हरकत येतेच.

वनविभागालाही पडताळणीची सूचना द्यावी लागते. ती दिल्याची पोच जपा. "आम्हाला कळवलंच नाही" हे वाक्य नंतर फार ऐकू येतं.

आणि काही जागा दोन गावं मिळून वापरतात: चराई, मासेमारीचा डोह, देवाची जागा. तिथं ओढूनताणून मधोमध रेघ मारू नका. सामाईक आहे असं लिहा, दोघांनीही लिहा.

फक्त पुरुषांना घेऊन जाणे

पुरुष तुम्हाला टेकडीच्या धारेवरून झपाझप नेतील. मोह, कंद, रानभाजी, झाडूचं गवत कुठवर जाऊन आणतात ते बायांना विचारा. हद्द बहुतेक वेळा बाहेर सरकते. वनहक्क नियमांतल्या नियम 13 मध्ये सामूहिक दाव्यासाठी जे पुरावे दिलेत, म्हणजे कंदमुळं नि फळं गोळा करायच्या जागा, चारा, पाण्याचे स्रोत, पवित्र झाडं, दहन-दफनाच्या जागा, त्यातल्या निम्म्या गोष्टी पुरुषांना नीट ठाऊकच नसतात. ग्रामसभेच्या कोरमलाही हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला लागतात. चालताना त्या नकोत आणि सहीला हव्यात, हे बरं.

अभयारण्याची पाटी बघून मागे फिरणे

कायद्याच्या व्याख्येत राखीव वनं, संरक्षित वनं, अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं सगळी येतात, गावाची तिथं पूर्वापार ये-जा असली की झालं. चपराळा असो की भामरागड, पाटी बघून क्षेत्र सोडायचं कारण नाही.

आकड्यांचे घोळ

आता यंत्राकडे येऊ. इथं चुका बारीक दिसतात आणि महागात पडतात.

पहिला घोळ जुन्या टोपोशीटचा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या 1:50,000 च्या नकाशांचा आधार एव्हरेस्टचा, तर जीपीएसचा डब्ल्यूजीएस-84. पृथ्वीचा आकार धरून अक्षांश-रेखांश ठरवायच्या या दोन वेगळ्या पद्धती. जुना नकाशा स्कॅन करून, त्यावरचे अक्षांश-रेखांश थेट डब्ल्यूजीएस म्हणून टाकले की आपल्या भागात सगळं चित्र शंभर मीटरहून जास्त सरकतं. यातली गोम अशी की आकार नि क्षेत्रफळ जवळपास जसंच्या तसं राहतं. हेक्टर बरोबर, मग नकाशाही बरोबर असं वाटतं. शेजारच्या गावानं जीपीएसनं काढलेली रेषा शेजारी ठेवली की मग कळतं. शंभर मीटरच धरले तरी 4 किलोमीटरच्या सामाईक शिवेवर 40 हेक्टरचा वाद तयार होतो, जो प्रत्यक्षात जमिनीवर नाहीच. नदीचा संगम, जुना पूल, रस्त्याचा तिठा अशा न हलणाऱ्या तीन-चार जागांवर स्वतः उभं राहून रीडिंग घ्या आणि स्कॅन त्याला जुळवा. मी नवीन मुलांना हे सांगितलं की ते विचारतात, "सर, सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग नाही का?" आहे. तरीपण जाऊन उभं राहा.

दुसरा यूटीएमच्या पट्ट्याचा. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. महाराष्ट्र दोन पट्ट्यांत येतो, 78 अंश रेखांशाच्या पश्चिमेला 43 आणि पूर्वेला 44. मेळघाट 43 मध्ये, गडचिरोली 44 मध्ये. मेळघाटात केलेल्या कामाची फाईल "तयार नमुना" म्हणून उचलायची, त्यात गडचिरोलीचे 44 मधले आकडे भरायचे, आणि धानोऱ्याचं जंगल थेट नाशिक जिल्ह्यात चांदवडच्या आसपास जाऊन पडतं. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती आंधळ्यालाही दिसते.

तिसरा घोळ दिसत नाही. वेबवरच्या उपग्रह चित्रांचं जे मर्केटर प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची एक पद्धत) असतं, त्यातच क्षेत्रफळ मोजलं तर आपल्या 20 अंश अक्षांशावर ते सुमारे 13 टक्के फुगतं. 500 हेक्टरचे 566 होतात. आकडा वाढला म्हणून कुणी तक्रार करत नाही. मोजणीत उतरला की मात्र सगळ्या दाव्यावरच संशय येतो. क्षेत्रफळ यूटीएम-44 मध्येच काढा.

चौथा: 20 अंश 15 मिनिटं म्हणजे 20.15 नव्हे, 20.25. अकरा किलोमीटरचा फरक पडतो. यावर आणखी काही लिहायची माझी इच्छा नाही.

मोबाइलवर भिस्त

मोबाइल वापरा, मीही वापरतो. पण ट्रॅक चालू करून खिशात टाकला आणि संध्याकाळी काढला, असं करू नका. दाट बांबूत सिग्नल भरकटतो, काही ॲप थांबलं की नोंद थांबवतात, चहाला बसलेल्या जागेचा गुंता होतो तो वेगळाच. दर वळणावर थांबा, यंत्र स्थिर होऊ द्या, बिंदू घ्या, आणि वहीत लिहा: बिंदू क्रमांक, जागेचं नाव, नाल्याचा कुठला काठ. काठ लिहायचा राहतो आणि पुढे नाला कुणाचा यावर सभा भरते. वही पावसात भिजली तरी वाचता येते, बंद पडलेला मोबाइल येत नाही.

चालायला फेब्रुवारी-मार्च बरा. पानगळ झालेली असते, आभाळ दिसतं, नाले ओलांडता येतात. मे महिन्यात तेंदूपत्त्यामुळे गावात माणूस सापडत नाही. पावसाळ्यात जायचं म्हणणाऱ्याला खुशाल जाऊ द्या.

उपग्रह चित्र बघून "इथं जंगल दिसत नाही, म्हणजे वापर नाही" असं ठरवणारेही आहेत, आणि ते नेहमी गावाबाहेरचे असतात. उपग्रह चित्र पूरक पुरावा आहे. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आणि जमिनीवरच्या खुणा यांची जागा ते घेत नाही.

"नंतर दुरुस्त करू"

हे कुणी म्हणालं की मी धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव आठवायला सांगतो. त्या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा पास स्वतः द्यायचा अधिकार हातात यायला एप्रिल 2011 उजाडलं, तेही तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. कागद चोख असलेल्या, इतकी वर्षं संघटित असलेल्या गावाची ही कथा. पास तुमच्या हद्दीतल्या मालाचा निघतो, म्हणजे ती रेषा उद्या पैशाची रेषा होणार आहे. कच्ची रेषा घेऊन तुम्ही किती फेऱ्या मारणार?

बाकी किरकोळ. टोल्याची (गावापासून वेगळ्या वस्तीची) स्वतंत्र ग्रामसभा असेल तर त्याची शीव मोठ्या गावात बुडवू नका. गाव नकाशा आणि निस्तार पत्रक (गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांची सरकारी नोंद) यांच्या प्रमाणित नकला काढा, फोटोची झेरॉक्स चालत नाही. फाईलला "फायनल", "फायनल-2", "फायनल-खरा" अशी नावं देऊ नका, तारीख घाला. नकाशाच्या प्रत्येक पानावर ग्रामसभेचा शिक्का, समितीच्या सह्या आणि मोजमापाची पट्टी असू द्या. दावा उपविभागीय समितीकडे देताना पोचपावतीवर नुसतं "दावा मिळाला" लिहून घेऊ नका. "नकाशाची पानं इतकी, जबाब इतके" असं लिहून, तारखेसह सही घ्या, आणि मूळ वही गावातच ठेवा.