रिमोट चावी आणि अडकलेली डिकी: खर्च करण्याआधी या चुका टाळा

रिमोट चावी चालेनाशी झाली की पहिला प्रश्न येतो, नवीन चावी कितीला पडेल? हा प्रश्न खरं तर शेवटी विचारायचा. एका चावीत तीन वेगळ्या गोष्टी असतात: दरवाजे उघडणारा रिमोट, इंजिनाला परवानगी देणारी चिप आणि धातूचं पातं. रिमोटला सेल लागतो, चिपला लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला हवी तेवढी वीज मिळते. त्यामुळे सेल संपला तरी पातं फिरवून सुरू होणारी गाडी सुरू होतेच. रिमोट चालतोय, स्टार्टर फिरतोय, पण इंजिन धरत नाही आणि डॅशबोर्डवर चावीची खूण लुकलुकतेय, असं असेल तर संशय चिपवर घ्या.

सर्वांत महागात पडणारी चूक होते ती चावीची केस, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं कवच, बदलताना. बटणांचं रबर फाटलं, प्लास्टिकला तडा गेला की लोक बाजारातून नवी केस आणतात, सर्किट आणि पातं तिच्यात बसवतात आणि जुनी केस कचऱ्यात टाकतात. अनेक चाव्यांमध्ये चिप सर्किटवर नसतेच. ती जुन्या प्लास्टिकच्या खाचेत, तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी, काळी वडी किंवा काचेची नळी म्हणून बसलेली असते. कचरा गेला की चिपही गेली. मग दरवाजे झकास उघडतात, गाडी मात्र सुरू होत नाही. नव्या चावीवर गाडी दोन-चार वेळा सुरू करून बघितल्याशिवाय जुनी केस टाकू नका.

सेल बदलताना नंबर बघून घ्या. सीआर २०३२ आणि सीआर २०२५ दोन्ही ३ व्होल्टचे आणि एकाच व्यासाचे, पण जाडी ३.२ आणि २.५ मिलिमीटर. पातळ सेल बसतो, पण हादऱ्याने संपर्क सुटतो. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो, त्याने संपर्क नीट होत नसेल तर कापडाने पुसून घ्या. लेप असो वा नसो, जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिका दोन तासांत भाजू शकतो. आणि टीव्हीचा रिमोट तपासतात तसं मोबाइलच्या कॅमेऱ्यातून काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. गाडीचे रिमोट सहसा रेडिओ लहरींवर चालतात.

चावी हरवली तर फक्त नवी करून घेऊन थांबू नका. हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढून टाकायला सांगा, नाहीतर ती ज्याला सापडेल त्याला गाडी सुरू करता येईल. पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत जपा, कारण गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते. जुनी, दुसऱ्या गाडीची रिमोट चावी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. बऱ्याच चाव्या पहिल्या गाडीशी एकदा जोडल्या की दुसरीला स्वीकारतच नाहीत.

आता डिकी. इथे आधी कान द्या. बटण दाबल्यावर ‘खट्’ आवाज येतो पण झाकण उघडत नाही, तर वीज पोहोचतेय, अडलंय ते लॅचमध्ये, म्हणजे झाकण धरून ठेवणाऱ्या खटक्यात. एकाने झाकण खाली दाबायचं, त्याच वेळी दुसऱ्याने बटण दाबायचं, बहुतेकदा सुटतं. बटणाऐवजी केबल ओढून डिकी उघडणाऱ्या लिव्हरलाही हाच उपाय. लिव्हर जड लागते म्हणून जोर लावून ओढलीत तर केबल तुटेल.

आवाजच नाही, तर आधी फ्यूज आणि चावीचा सेल बघा. कीलेस, म्हणजे चावी खिशात ठेवूनच उघडणाऱ्या, गाडीत चावी ओळखली गेली नाही तर डिकीचं बटणही दाद देत नाही. पावसाळ्यानंतर नंबर प्लेटवरच्या बटणाचं रबर चिरून आत पाणी गेलेलं असतं. हॅचबॅकमध्ये मात्र मला सगळ्यात आधी संशय येतो तो बॉडी आणि झाकण यांच्यामधल्या रबरी नळीवर. झाकण उघडताना-मिटताना तिच्यातल्या तारा वाकून वाकून तुटतात. मागचा वायपर किंवा नंबर प्लेटचा दिवाही बंद पडला असेल तर दोष तिथेच असण्याची शक्यता फार मोठी. तुटलेली तार पिळून टेप गुंडाळणं म्हणजे तोच दोष पुन्हा बोलावणं. लवचीक तारेचा तुकडा घालून सांधे वाकणाऱ्या भागाच्या बाहेर काढायला आणि सोल्डर करायला सांगा.

झाकणाच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, पत्रा वाकतो. हॅचबॅकची मागची सीट पाडून आत जा. अनेक गाड्यांत झाकणाच्या आतल्या प्लास्टिकमध्ये एक छोटी खाच असते, तिथून लॅच हाताने सोडवता येतो. सीएनजीच्या सेडानमध्ये सिलिंडर वाट अडवतो, म्हणून त्या गाड्यांत लॅच जड लागायला लागताच साफ करून ग्रीस लावून घ्या.

दुरुस्ती झाल्यावर झाकण लगेच आपटू नका. ते उघडं असतानाच स्क्रू-ड्रायव्हरने लॅच ‘बंद’ करा, मग बटण किंवा लिव्हरने तो सुटतो का बघा. दोन-तीनदा सुटला, की मगच झाकण लावा.