टेलिंग चाळल्याशिवाय तेलाचा डोस वाढवू नका

वणी, घुग्गुस, राजुरा या पट्ट्यातल्या गावांत बीएस्सी केमिस्ट्री किंवा डिप्लोमा झालेल्यांना कोळशाच्या प्रयोगशाळेत काम मिळतं. फ्लोटेशनकडे, म्हणजे बारीक कोळसा फेसावर तरंगवून मातीपासून वेगळा करण्याकडे, मीही तिथूनच वळलो. नव्यांसाठी थोडं लिहितो.

अर्ध्या मिलिमीटरखालचा कोळसा पाण्यात कालवून त्यात तेल (केरोसिन किंवा डिझेल) आणि फेस आणणारं रसायन घालतात, मग हवा सोडतात. कोळसा बुडबुड्याला धरून वर येतो, मातीचे कण पाण्यासोबत खाली राहतात. या खाली उरलेल्या भागाला टेलिंग म्हणतात. पण आपला वर्धा खोऱ्यातला कोळसा कोकिंग, म्हणजे कोक बनवता येणारा, नाही. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन जास्त, म्हणून तो झरियाच्या कोळशासारखा सहज तरंगत नाही. चंद्रपूरच्या उन्हात ढिगाऱ्यात पडून राहिला तर आणखीच अडतो. नमुना ताजा घ्या, हवाबंद ठेवा, पिशवीवर तारीख टाका.

रिकव्हरी, म्हणजे फेसात हाती आलेला कोळसा, कमी आली की हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. त्याआधी टेलिंग ओलंच चाळा, प्रत्येक भाग वाळवून राख काढा. माझ्या मते या कामात एवढं शिकवणारं दुसरं काही नाही. जाड कणांत राख कमी निघाली, तर चांगला कोळसा बुडबुड्यावरून सुटतोय. ढवळणाऱ्या पंख्याचा वेग उतरवून बघा. केरोसिन पाण्यात विरघळत नाही, त्याला ढवळायला पुरेसा वेळ द्या. अगदी बारीक कणांत कोळसा जात असेल, तर बुडबुडे लहान हवेत. आणि फेसातच राख वाढली असेल, तर चिकणमाती पाण्याबरोबर वर येतेय. स्लरी (कोळसा-पाण्याचं मिश्रण) पातळ करा, फेसावर पाण्याचा हलका फवारा द्या.

हिशेब हाताने करायची सवय लावा. फीडची (सुरुवातीच्या कोळशाची) राख ३०, फेसातल्या कोळशाची १५, टेलिंगची ६० टक्के असेल, तर उतारा, म्हणजे फीडच्या वजनापैकी फेसात आलेला भाग, (६० वजा ३०) भागिले (६० वजा १५), म्हणजे ३० भागिले ४५, साधारण ६७ टक्के. राख वजा केली की फेसात जळणारा भाग ८५ आणि फीडमध्ये ७० टक्के, म्हणून जळणाऱ्या भागाची रिकव्हरी मात्र ६७ गुणिले ८५ भागिले ७०, म्हणजे ८१ टक्के. हे दोन आकडे वेगळे आहेत, अहवालात कोणता लिहिला ते स्पष्ट सांगा.

फेस एकाच ट्रेमध्ये घेऊ नका, पहिल्या अर्ध्या मिनिटाचा वेगळा ठेवा. त्यात राख सर्वांत कमी असायला हवी.

पुढे शिकायचं तर नागपूरला व्हीएनआयटीत खाणकाम आणि धातुकर्म दोन्ही शाखा आहेत.

राखेची भट्टी ८१५ अंशांवर चालते. केरोसिन आणि फेसाच्या रसायनाच्या बाटल्या त्या खोलीत ठेवूच नका.